ड्रोनने भातशेतीचं चित्रीकरण: लेन्स, फिल्टर आणि एडिटिंगची सुरुवात कुठून करू?

माहेरभोर

नमस्कार मंडळी. मी वारज्यात राहते, माहेर भोर तालुक्यातलं. घरची भातशेती आहे. बाबा अजून स्वतः खाचरात उतरतात, पण आणखी किती वर्षं उतरतील सांगता येत नाही. म्हणून यंदा चिखलणीपासून झोडणीपर्यंत सगळं नीट चित्रित करून ठेवायचं ठरवलंय. जमिनीवरून फोनने काढेनच, पण आमची खाचरं डोंगरउतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतात. कुठल्या बांधातून पाणी कुठल्या खाचरात सोडलंय, हे वरूनच दिसतं.

भाऊजींकडे डीजेआय मिनी ३ आहे, तो वापरायला देणार आहेत. उडवायला त्यांनीच शिकवलं, मोकळ्या जागी हात बसलाय. प्रश्न पुढचे आहेत. लेन्सवर लावायचे एनडी फिल्टर घ्यावेत का, आणि कोणते? वरून बसवायची जास्त वाइड लेन्स मिळते, तिचा उपयोग होतो का? आणि एडिटिंग कशावर करू? लॅपटॉप आय-५ आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सगळं मिळून पाच हजारांच्या आत बसवायचंय. लावणी तोंडावर आली आहे, तेव्हा जाणकारांनी जरा लवकर सांगा.

मुठाकाठ

छान विषय, ताई. मीही शिकतोय, तेव्हा इथेच मुक्काम. माझा एक प्रश्न जोडतो: मामा अमेरिकेतून येतोय, त्याला सांगून नवा ड्रोन आणवला तर स्वस्त पडेल का?

रानवाटा

मुठाकाठ, अजिबात आणवू नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन एवढेच अपवाद. सुटे भाग चालतात, आख्खा ड्रोन किंवा जोडणीसाठी सुटा केलेला आख्खा संच चालत नाही. विमानतळावर कस्टम्सने ठेवून घेतला तर मामांना उगाच मनस्ताप.

माहेरभोर ताई, आता तुमच्याकडे वळतो. मी मुळशी-मावळ भागात ओढे, देवराया, शेतं टिपत असतो, त्यातून जे कळलंय ते सांगतो.

आधी कुठे उडवायचं ते बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात मोडतो, आणि मिनी ३ चं वजन २४९ ग्रॅमच्या आत आहे. त्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पण हिरवा, पिवळा, लाल हे झोन नॅनोलाही लागू आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगीविना उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवायचंच नाही. पुण्यात लोहगाव हा हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए, पाषाणला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा, शिवाय कॅम्प, खडकी, देहूरोड हे लष्करी भाग. त्यामुळे सराव म्हणून घराच्या गच्चीवरून उडवण्याचा मोह टाळा. पालखी आणि गणेशोत्सवाच्या काळात पोलिसांचे वेगळे मनाई आदेश निघतात, तेही बघावे लागतात. गावाकडे जाण्याआधी सरकारी एअरस्पेस नकाशावर तुमची शेतं कुठल्या रंगात येतात ते बघून घ्या. धरणाच्या भिंतीच्या आसपास नको. किल्ल्यावर काढायचं असेल तर संरक्षित स्मारकाची लेखी परवानगी घ्यावी लागते.

प्रोपेलर गार्ड लावलेत की वजन २५० च्या पुढे जातं आणि गट बदलतो, हेही लक्षात असू द्या.

आता लेन्स. मिनी ३ ची लेन्स फुलफ्रेमच्या (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेत २४ मिलिमीटर, एफ/१.७, आणि उजेड आत येण्याचं छिद्र कायमचं तेवढंच. ते लहान-मोठं करता येत नाही, झूमची लेन्स नाही. सेन्सर १/१.३ इंचाचा, म्हणजे या वजनाच्या मानाने मोठा. काही महागड्या ड्रोनमध्ये जोडीला ७० मिलिमीटरची दुसरी लेन्स असते, काहींत छिद्र एफ/२.८ ते एफ/११ बदलता येतं. तुम्हाला त्याची गरज आहे असं मला वाटत नाही.

२४ मिलिमीटरचा एक साधा हिशेब डोक्यात ठेवा: जितक्या अंतरावरून बघाल त्याच्या साधारण दीडपट रुंदी चौकटीत मावते. ४० मीटर वर जाऊन सरळ खाली बघितलंत की साठेक मीटर रुंद शेत दिसेल. १२० मीटरवरून १८० मीटर. म्हणजे तुमच्या पायऱ्यांची आख्खी रचना दाखवायला तीस-चाळीस मीटर भरपूर होतात. त्याच्या वर गेलं की माणसं ठिपके होतात, बांध रेघा होतात, आणि शेत कोणाचंही असू शकतं.

म्हणून आणखी वाइड लेन्स घेऊ नका. आहे तीच पुरेशी वाइड आहे, आणि गिंबलच्या, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेच्या, मोटरवर जास्तीचं ओझं कशाला. वाइड लेन्सचा खरा दोष उलटा आहे: मागचा डोंगर ती लहान करून टाकते. डोळ्यांना रोहिडा किल्ला खाचरांवर ओणवल्यासारखा दिसतो, व्हिडिओत मात्र उंचवटा वाटतो. त्यावर उपाय म्हणजे फोरकेमध्ये (३८४० पिक्सेल रुंद) काढा, पण अंतिम व्हिडिओ १०८० चा (१९२० पिक्सेल रुंद) करा. मग एडिटिंगमध्ये चौकट निम्म्यापर्यंत कापता येते आणि चित्राची धारही जात नाही. ४८ मिलिमीटरची लेन्स लावल्यासारखंच झालं.

माहेरभोर

खूप आभार, रानवाटा दादा. दीडपटीचा हिशेब आत्ताच वहीत लिहून ठेवला. नकाशाही बघते. एनडी फिल्टरबद्दल मात्र अजून गोंधळ आहे. बाजारात १६, ६४, २५६ असा संच दिसतो. हे आकडे कसले?

जुनासर्किट

ताई, हे मी सांगतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी झाली, फोटोग्राफीचा नाद फिल्मच्या काळापासून.

एनडी १६ म्हणजे उजेडाचा सोळावा भाग आत येऊ देणारी काच. एनडी ६४ म्हणजे चौसष्टावा. रंग बदलत नाही, फक्त उजेड कमी होतो.

तो कमी का करायचा? सेकंदाला २५ चौकटी काढताना प्रत्येक चौकट १/५० सेकंद उघडी राहिली की हालचाल डोळ्यांना नैसर्गिक वाटते. चौकटीच्या वेळेच्या निम्मा वेळ, असा सिनेमाचा जुना संकेत आहे. शटर फार जलद झालं की प्रत्येक चौकट लख्ख गोठते आणि चाल तुटक दिसते.

आता भर उन्हाचा हिशेब. जुना नियम असा की लख्ख ऊन, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, छिद्र एफ/१६, तर शटर १/१००. तुमचं छिद्र एफ/१.७ आहे. १६ भागिले १.७, त्याचा वर्ग, म्हणजे अठ्ठ्याऐंशीपट जास्त उजेड आत येतो. शटर जातं १/८८०० वर. तुम्हाला हवं १/५०. मध्ये १७६ पटींचं अंतर आहे, म्हणजे एनडी १२८ आणि २५६ यांच्या मधे कुठेतरी. संचातला ६४ लावला तर शटर १/१४० च्या आसपास येईल, तेही चालतं.

इंटरनेटवर बरेच जण उन्हात एनडी ६४ सांगतात. ते एफ/२.८ च्या ड्रोनसाठी तंतोतंत बरोबर आहे. तिथे शटर १/३२०० च्या आसपास असतं आणि चौसष्टाने भागलं की पन्नास येतात. सल्ला घेताना सांगणाऱ्याच्या ड्रोनचं छिद्र विचारायचं, एवढं केलं की गोंधळ मिटतो.

जुलैत तुमच्याकडे ऊन कुठे असणार म्हणा. दाट ढगात उजेड आठपटीने उतरतो. १७६ भागिले ८ म्हणजे बावीस. एनडी १६ लावा आणि मोकळ्या व्हा.

पेठेतला_पक्षी

काकांचा हिशेब बरोबर आहे, पण माझं मत वेगळं आहे. एनडी फिल्टर हा ड्रोनवाल्यांनी डोक्यावर चढवून घेतलेला विषय आहे. मी फिल्टर लावून आणि न लावता तेच दृश्य काढून शेजारी शेजारी बघितलंय, फरक दिसला नाही. पाच हजारांतले दीड-दोन हजार काचांवर घालण्यापेक्षा ताईंनी चांगलं कार्ड आणि एखादी हार्डडिस्क घ्यावी.

जुनासर्किट

पक्षी, तुमची चाचणी खोटी नाही. तुम्ही ती किती उंचीवरून केलीत, यावर सगळं अवलंबून आहे.

ड्रोन सेकंदाला ५ मीटर वेगाने जातोय असं धरू. १०० मीटर उंचीवर चौकट १५० मीटर रुंद. म्हणजे सेकंदात दृश्य रुंदीच्या तिसाव्या भागाने सरकतं, फोरकेमध्ये १२८ पिक्सेल. शटर १/५० असलं तरी पुसटपणा येतो अडीच पिक्सेलचा. तो कोणाला दिसणार? इथे फिल्टर असला काय, नसला काय.

आता तोच ड्रोन, तोच वेग, पण बांधापासून ५ मीटरवर. चौकट साडेसात मीटर रुंद. सेकंदाला अडीच हजारांवर पिक्सेल सरकतात. १/५० ला पन्नासेक पिक्सेलचा पुसटपणा येतो आणि चाल मऊ दिसते. १/२००० ला एकच पिक्सेल, आणि दृश्य तुटक, धक्के खात गेल्यासारखं दिसतं.

थोडक्यात, ताई लावणीच्या ओळींवरून खाली, हळू उडवणार असतील तर एक एनडी १६ घ्यावा. उंचावरच्या दृश्यांसाठी काही नको. आख्खा संच घ्यायची गरज नाही, इथे मी पक्षींशी सहमत आहे.

पेठेतला_पक्षी

हे पटलं. माझी सगळी दृश्यं ऐंशी-शंभर मीटरवरची होती. उंचीचा मुद्दा लक्षात आला नव्हता. धन्यवाद काका.

रानवाटा

काकांच्या हिशेबात एकच भर घालतो, कारण भाताच्या खाचराचा मामला वेगळा आहे. तिथे पाणी आहे.

लावणीच्या वेळी खाचर म्हणजे आरसाच. तिरप्या कोनातून बघितलं की चिखल, रोपं काही दिसत नाही, नुसतं पांढरं आभाळ दिसतं. पोलरायझर, म्हणजे सीपीएल फिल्टर, ही चकाकी कापतो. पण तो सगळ्यात जास्त काम करतो ते पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघताना. सरळ खाली बघताना त्याचा उपयोग जवळपास शून्य. आणि तो फिरवून बसवावा लागतो, ते जमिनीवरच. हवेत ड्रोन वळला की परिणाम बदलतो. म्हणून एक दिशा ठरवायची, त्या दिशेला तोंड करून फिल्टर फिरवून घ्यायचा, आणि ते दृश्य त्याच सरळ रेषेत काढायचं.

मला विचाराल तर निम्मी दृश्यं सीपीएलशिवाय काढा. नुकती चिखलणी झालेल्या खाचरात ढग उतरलेले असतात आणि मधल्या बांधावरून डोक्यावर रोपांच्या जुड्या घेऊन कोणी चालत जातं, तिथे ती चकाकीच हवी. रोपं रुजून ओळी दिसायला लागल्या की मग चकाकी नको.

पावसात उडवू नका, झिमझिमीतही नाही. मिनी ३ ला पाण्यापासून संरक्षण नाही. उघडीप मिळाली की वीस मिनिटांत काम उरकेल अशी तयारी ठेवा. एसी लावलेल्या गाडीतून ड्रोन बाहेर काढलात की दमट हवेत लेन्सवर लगेच धुकं धरतं. डिकीत ठेवा किंवा काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. लेन्स शर्टाच्या टोकाने पुसायची नाही, आधी फुंकणी, मग मायक्रोफायबर.

आणि चिखलणीला बैल असतील तर ड्रोन लांब ठेवा. त्या आवाजाने बैल बुजतात, औत धरणाऱ्याच्या पायाला लागू शकतं. बायका लावणी करत असतील तर त्यांच्या डोक्यावरून कधीच नाही, बाजूने, बांधाच्या रेषेत. आधी जाऊन सगळ्यांना सांगा, पडद्यावर दाखवा, हो म्हणाल्या तरच काढा. शेताच्या कडेच्या विजेच्या तारा पडद्यावर दिसत नाहीत, त्या आधी पायी फिरून बघून ठेवा.

माहेरभोर

दादा, बैलांचं बरं सांगितलंत. चुलत्यांची जोडी आहे आणि त्यातला एक मुळातच बुजरा आहे. चिखलणी मग फोननेच काढते, बांधावर उभी राहून.

फिल्टरचा निर्णय झाला: एक एनडी १६, एक सीपीएल. आता एडिटिंग. मी सॉफ्टवेअर उघडून बघितलं तर इतकी बटणं होती की लगेच बंद केलं. डाविंची रिझॉल्व्ह शिकावं असं सगळे म्हणतात, पण माझ्या लॅपटॉपवर फोरके फाइल अडखळत चालते.

कात्री

माहेरभोर, मी एडिटर आहे, एरंडवण्यात बसून रोज हेच काम करते. तुमच्या बाबांच्या शेताबद्दल वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

सॉफ्टवेअर कुठलं, हा प्रश्न लोक पहिला विचारतात. माझ्या लेखी तो तिसरा आहे. पहिला प्रश्न चित्रीकरणाचा, दुसरा फाइली सांभाळण्याचा.

चित्रीकरणात तीन गोष्टी ठरवून ठेवा आणि कापणीपर्यंत बदलू नका. एक, सेकंदाला २५ चौकटी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. २५ चौकटी आणि १/५० शटर असलं की संध्याकाळी ओटीवरच्या दिव्याखाली काढलेल्या दृश्यात पट्टे सरकत नाहीत. फोन सहसा ३० वर असतो, तोही २५ वर आणा. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय चालू करावा लागतो. दोन, व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवण्याचं सेटिंग, ऑटोवर नको. ड्रोन हिरव्या शेताकडून आभाळाकडे वळला की ऑटो रंग बदलत जातं आणि एकाच दृश्यात दोन रंग येतात, ते नंतर निस्तरणं फार जिकिरीचं. दिवसा ५६०० केल्विनच्या आसपास ठेवून द्या. तीन, ढग जाळू नका. हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटला की ढगातला तपशील कायमचा गेला. जरा काळं काढा, सावल्या वर उचलता येतात.

झेप घेतल्यावर लगेच सगळं दाखवायची घाई नको. एका दृश्यात एकच हालचाल: नुसतं पुढे, किंवा नुसतं वर, किंवा नुसतं बाजूला. सिने मोडमध्ये (हळू उडण्याच्या) ठेवा, स्टिक हळू हलवा. हालचाल सुरू करण्याआधी पाच सेकंद स्थिर, संपल्यावर पाच सेकंद स्थिर. एडिटरला कापायला ही जागा लागते.

दुसरं, फाइली. मिनी ३ सेकंदाला जास्तीत जास्त १०० मेगाबिट लिहितो, म्हणजे तासाला ४५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डात साधारण ८५ मिनिटं मावतात. कार्ड व्ही-३० लिहिलेलं घ्या. ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितं, तुम्हाला साडेबाराच लागतात, त्यामुळे त्याहून महाग कार्डावर पैसे घालायची गरज नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घ्या नाहीतर ऑनलाइन, पण पहिल्याच दिवशी एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने आख्खं भरून तपासा. बनावट कार्डावर क्षमता मोठी छापलेली असते आणि निम्म्यानंतर फाइली नुसत्या कचरा होतात. लावणी वर्षातून एकदाच होते, ती परत काढता येणार नाही.

घरी आलात की त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती करा, मग कार्ड पुसा. फोल्डरचं नाव साधं ठेवा: वर्ष, महिना, दिवस, काम. «वर्ष-महिना-दिवस-चिखलणी-खालची खाचरं» असं काहीतरी. चार महिन्यांनी तुम्हाला फाइल क्रमांक आठवणार नाही, खाचराचं नाव आठवेल. तुमच्याकडे खाचरांना नावं असतील ना, तीच वापरा.

आता तिसरा प्रश्न. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती फोरके, सेकंदाला ६० चौकटींपर्यंत देते, वर कंपनीचा शिक्का उमटवत नाही. रंगांचं काम तिच्याइतकं चांगलं कुठेच नाही. पण ८ जीबी आणि ग्राफिक्स कार्ड नाही म्हणजे तुमच्या लॅपटॉपला ती जड जाणार. रिझॉल्व्हला १६ जीबी हवेतच. तुम्ही केडेनलाइव्हवर सुरुवात करा. तेही फुकट, मुक्त सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं, हलकं आहे.

अडखळण्यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलची छोटी, हलकी प्रत बनवतं, तुम्ही त्या प्रतीवर कापाकापी करता, आणि शेवटी व्हिडिओ बाहेर काढताना ते आपोआप मूळ फोरके फाइल वापरतं. केडेनलाइव्हच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रॉक्सी चालू करा, रात्री बनवायला लावून झोपा. सकाळी तोच लॅपटॉप लोण्यासारखा चालेल.

बटणांना घाबरू नका. पहिल्या महिन्यात चार गोष्टी पुरतात: फाइल ओढून टाइमलाइनवर टाकणं, तुकडा करणं, नको ते काढणं, आवाज कमी-जास्त करणं. रंग, शीर्षकं, ट्रान्झिशन नंतर.

मुठाकाठ

कात्री ताई, माझ्याकडे उबुंटू आहे. रिझॉल्व्हमध्ये ड्रोनची फाइल टाकली तर काहीच दिसत नाही. लॅपटॉप १६ जीबीचा आहे, ग्राफिक्स कार्डही आहे.

कात्री

लिनक्सवरची फुकट रिझॉल्व्ह एच.२६४ आणि एच.२६५ उघडत नाही. ड्रोनच्या फाइली याच प्रकारच्या असतात. एएसी आवाजाचाही तिथे तोच प्रश्न. एफएफएमपेग या फुकट प्रोग्रॅमने डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या फाइलप्रकारात बदलून घ्या, फाइली मोठ्या होतील पण चालतील. नाहीतर तुम्हीही केडेनलाइव्ह वापरा, तिथे ही अडचणच नाही.

पेठेतला_पक्षी

लॉग प्रोफाइलचं काय? सगळे म्हणतात, फिकट काढा आणि एडिटिंगमध्ये रंग भरा.

कात्री

१० बिटचा कॅमेरा असेल तर जरूर. तिथे प्रत्येक रंगाच्या १०२४ पायऱ्या असतात. ८ बिटमध्ये २५६च. फिकट काढून ताणलंत की आभाळात पट्टे पडतात. मिनी ३ वर नॉर्मलच ठेवायचं. भाताच्या हिरव्यात फार ढवळाढवळ करू नका, एवढीच विनंती. सॅच्युरेशन वाढवलं की लावणीचा पोपटी आणि भाद्रपदातला गर्द हिरवा सारखेच दिसायला लागतात, आणि ताईंना नेमका तोच फरक दाखवायचाय.

जुनासर्किट

आवाजाबद्दल कोणी बोललं नाही. ड्रोनवर आवाज येत नाही, आला तरी पंख्यांची घरघर. ताई, फोन एका प्लास्टिकच्या डब्यात बांधावर ठेवून आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करा. पाण्याचा, बैलांना दिलेल्या हाकांचा, रोपं उपटताना मुळं चिखलातून सुटतात त्याचा. बायका गाणी म्हणत असतील तर त्यांना विचारून तीही. बाजारातलं संगीत टाकायची वेळ येणार नाही.

माहेरभोर

आजी अजून लावणीची गाणी म्हणते, तिचा आवाज नक्की घेते. 

रविवारी गावी जाऊन आले. नकाशात शेतं हिरव्या भागात आहेत, पुन्हा जाताना परत तपासेन. उघडीप मिळाली तेवढ्यात थोडं चित्रीकरण केलं. पुढे जाणारी दृश्यं सुरेख आली. पण ड्रोन जागेवर ठेवून गोल फिरवला की चित्र थरथरतं, झाडं उड्या मारत सरकतात. एनडी लावलेला होता. गिंबलमध्ये काही दोष असेल का?

जुनासर्किट

गिंबल ठीक आहे, पुढे जाताना थरथर नाही म्हणजे त्यात दोष नाही. २५ चौकटींना फिरण्याचा वेग जास्त झालाय. एखादं झाड चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला निदान सात सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ लावून बघा. ॲपमध्ये यॉचा, म्हणजे जागेवर गोल फिरण्याचा, कमाल वेग कमी करून ठेवा, म्हणजे बोट जास्त गेलं तरी ड्रोन हळूच फिरेल.

रानवाटा

आणि जागेवर गोल फिरवणं शक्य तितकं टाळाच. त्याऐवजी बांधाला समांतर बाजूने सरका. जवळचं खाचर भरभर सरकतं, लांबचा डोंगर जागेवर राहतो, आणि उताराची खोली आपोआप दिसते.

माहेरभोर

समजलं, पुढच्या खेपेला दोन्ही करून बघते. शेवटचा प्रश्न: तयार झालेला तुकडा बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला तर पार धुरकट दिसला. आणि यूट्यूबवर टाकायचं झालं तर काय सेटिंग ठेवू?

कात्री

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग ते दाबून लहान करत नाही. गावात रेंज कमी असेल तर १०८० ला ८ मेगाबिटवर काढलेली फाइल द्या, मिनिटाला ६० एमबी होते.

यूट्यूबसाठी फोरके, २५ चौकटी, ३५ ते ४५ मेगाबिट, एच.२६४. तुम्ही कापून १०८० चा केलेला व्हिडिओही फोरकेला वाढवून चढवा. मोठ्या चित्राला यूट्यूब चांगलं कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) देतं, पाण्यावरच्या बारीक लहरी आणि रोपांची पाती त्यात टिकतात, नाहीतर त्यांचाच आधी चिखल होतो. बाबांना मात्र टीव्हीवर दाखवा, पेनड्राइव्हमधून. बहुतेक टीव्ही एच.२६४ चालवतात. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या, एफएटी-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. टीव्हीला एक्सफॅट वाचता आलं नाही तर व्हिडिओचे कामाप्रमाणे भाग करा: चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी. प्रत्येक भाग चार जीबीच्या आत सहज बसेल.